बेघर माणसाला आधी विचारा

(मंडळाच्या हिवाळी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. – संपादक)



मंडळाने मला विषय दिला तो बेघरांचा. या विषयावर बोलणारे पुष्कळ आहेत. अधिकारी बोलतात, डॉक्टर बोलतात, समाजसेवक बोलतात, आज मीही बोलायला उभा आहे. ज्याचा हा प्रश्न आहे तो मात्र सभागृहाच्या बाहेर असतो. म्हणून आज माझी मते मी कमी सांगणार आहे. रस्त्यावर राहणाऱ्यांनी स्वतः जे सांगितले, कोर्टात सांगितले, पाहणीत सांगितले, आपल्या इंदुरात आम्हाला सांगितले, ते आपल्यापुढे ठेवतो. त्यावरून आपण काय करायचे, ते शेवटी बोलू. थोडे आपल्या घरचेही बोलायचे आहे.

मोजणीत कोण येतो?

आधी आकडे. जनगणनेच्या हिशोबात ज्याला छपराचे घर नाही तो बेघर. फूटपाथ, उड्डाणपुलाखालची जागा, सिमेंटचे मोठे पाइप, जिन्याखालचा कोपरा, देवळाचा मंडप, रेल्वेचा फलाट, अशा ठिकाणी राहणारे यात येतात. २०११ मध्ये असे १७ लाख ७३ हजार लोक देशात मोजले गेले. २००१ मध्ये ते १९ लाख ४३ हजार होते. म्हणजे एकूण आकडा उतरला. पण फक्त शहरांचा आकडा पाहा. तो ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेला. महाराष्ट्रात एकूण २ लाख १० हजार बेघर निघाले, आपल्या मध्य प्रदेशात १ लाख ४६ हजार.

ही मोजणी झाली २८ फेब्रुवारी २०११ च्या एका रात्रीत. आता विचार करा, त्या रात्री कोण सापडले असेल? लग्नाच्या मांडवात भांडी घासणारा पोऱ्या रात्री दोनला परततो. मंडीत गाड्या उतरवणारा हमाल रात्रभर कामावर असतो. एकटी बाई तर मुद्दामच कोणाला दिसणार नाही अशा जागी झोपते. तेव्हा जो आकडा छापला जातो तो कमीत कमी आहे असेच समजावे. २०२५ साली निघालेल्या अधिसूचनेप्रमाणे पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही आहे. तिच्याबद्दल पुढे बोलतो.

संगमनेरहून आलेला कारागीर

बेघरांचे म्हणणे या देशात सगळ्यात नीट नोंदले गेले ते एका खटल्यात. १३ जुलै १९८१ रोजी महाराष्ट्राचे तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी जाहीर केले, की मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवले जाईल. भर पावसाळ्याचे दिवस. झोपड्या मोडल्या, माणसे बसमध्ये भरली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले. पत्रकार ओल्गा टेलिस यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो, पण अर्जदारांमध्ये खुद्द फूटपाथवर राहणारी माणसे होती. त्यांनी आपली हकिगत लिहून दिली आणि ती निकालपत्रात आहे.

एक अर्जदार तमिळनाडूतल्या सालेमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने काम गेले म्हणून १९६१ मध्ये मुंबईला आला. दहिसरच्या एका रासायनिक कारखान्यात रोज २३ रुपयांवर काम मिळाले. हमरस्त्याच्या कडेला प्लास्टिक आणि ताडपत्रीच्या आडोशासाठी एका दादाने त्याच्याकडून अडीच हजार रुपये उकळले. बायको आणि तीन मुली. त्याला सहकुटुंब बसमध्ये बसवून सालेमला पाठवले. तो कामासाठी परत आला आणि पुन्हा फूटपाथवरच राहिला.

दुसरा अर्जदार आपल्या संगमनेरचा. गावी चपला शिवून रोजचे सात-आठ रुपये मिळवणारा कारागीर. गावातले घर पडले. १९६९ मध्ये मुंबईला आला आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागेसाठी तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू आणि प्लास्टिकला ७०० लागले. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार घालून त्याने फूटपाथवर संसार मांडला.

मंडळी, आपण सहज म्हणतो, 'फुकट राहतात.' हा हिशोब पाहिल्यावर ते म्हणता येणार नाही. आणखी एक गोष्ट पाहा. दोघेही नोकरी करणारे होते. आळशी नव्हते, भिकारी नव्हते. त्यांचे कोर्टापुढे म्हणणे साधे होते. काम इथे आहे, पगारात भाड्याची खोली बसत नाही, लांबून यायचे तर भाडे आणि वेळ दोन्ही परवडत नाहीत. फूटपाथ गेला की नोकरी गेली.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला. निकाल पूर्णपणे त्यांच्या बाजूचा नव्हता. फूटपाथवरची अतिक्रमणे काढण्याचा महापालिकेचा अधिकार कोर्टाने मान्य केला. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, हात लावू नका, आणि १९७६ च्या गणनेत ओळखपत्रे मिळालेल्यांना दुसरी जागा द्या, एवढे सांगितले. पण एक तत्त्व कोर्टाने उचलून धरले. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. आज देशभर वकील ज्या तत्त्वाचा आधार घेतात, ते या फूटपाथवरच्या माणसांच्या हकिगतीवर उभे राहिले आहे.

बायकांनी केलेली मोजणी

त्याच १९८५ साली मुंबईत आणखी एक काम झाले. भायखळा भागात 'स्पार्क' या संस्थेने फूटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. तिथे राहणाऱ्या लोकांची तिला साथ होती. 'आम्ही, अदृश्य माणसे' अशा अर्थाचे नाव त्या अहवालाला दिले. लोक वर्षानुवर्षे त्याच जागी राहतात, बहुतेक जण चालत कामाला जातात, हे त्यातून पुढे आले. पुढे फूटपाथवरच्या बायकांनीच 'महिला मिलन' सुरू केले. रोज थोडे थोडे पैसे बचतीत टाकायचे आणि आपल्याला कसले घर हवे ते आपणच ठरवायचे. त्यांनी नमुना काढला तो चौदा फूट उंचीचा, आत पोटमाळा असलेला. इंजिनिअरने काढला असता तर पोटमाळा सुचला नसता. लहान जागेत सासू-सासरे, मुले, शिवणकाम, सामान हे सगळे कसे बसवायचे ते ज्या बाईने फूटपाथवर संसार केला तिलाच कळते. १९९५ नंतर महाराष्ट्र सरकारच्या पुनर्वसन धोरणात फूटपाथवाल्यांना स्थान मिळाले, त्यामागे या बायकांची दहा वर्षांची मेहनत होती.

आपल्या इंदुरात काय ऐकले

आता आपल्या शहराकडे येऊ. गेल्या हिवाळ्यात आपल्यापैकी आम्ही चार जण काही रात्री सरवटे बस स्थानकाच्या बाजूला, एका मजूर चौकात आणि एका मोठ्या रुग्णालयाबाहेर बसून लोकांशी बोललो. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे. एकच प्रश्न विचारायचा ठरवले होते: रैन बसेरा असताना इथे का झोपता?

मजूर चौकात रावेरकडचे एक जोडपे होते. घरात अहिराणी बोलणारे. नवरा म्हणाला, "साहेब, सकाळी सहाला चौकात उभा नाही राहिलो तर दिवस गेला. बसेरा लांब. तिथून इथवर चालत यायचं तर चारला उठायचं." बायको म्हणाली, "तिथं यांना वेगळं, मला आन पोरीला वेगळं. तिघं एका जागी असलो की मला झोप लागते."

कॅटररकडे काम करणारा मुलगा म्हणाला, "काम संपते रात्री दीडला. तेव्हा बसेऱ्याचे दार बंद."

एक म्हातारे गृहस्थ पुलाजवळ झोपतात. ते हसून म्हणाले, "थंडीत एका रात्री तीन तीन कांबळी मिळतात. बाराला उठवतात, फोटो काढतात, जातात. तीन कांबळी घेऊन दिवसा फिरू कुठे? ठेवून गेलो की चोरीला. अन् पावसाळ्यात कोणी येत नाही." मंडळी, कांबळी वाटणाऱ्यांत आपली मंडळेही असतात. कांबळे वाईट नाही. पण त्यांना काय लागते हे विचारले असते तर त्यांनी सांगितले असते: सामान ठेवायला कुलपाची पेटी.

रुग्णालयाबाहेर झोपणारे तर त्या अर्थाने बेघर नव्हेतच. त्यांची गावी घरे आहेत. पेशंट आत आहे, म्हणून नातेवाईक बाहेर. पण चार चार आठवडे तसे काढले, जवळचे पैसे संपले, गावची मजुरी बुडाली, की परतीची वाट अवघड होते. बेघरपणाची सुरुवात अशीही होते.

आणि कागद. जवळजवळ प्रत्येकाने कागदांची गोष्ट सांगितली. रस्ता साफ करताना गाठोडे उचलले गेले, त्यात आधार होते. आधार नाही म्हणून समग्र आयडी नाही. समग्र नाही म्हणून राशनची पर्ची नाही. घरमालक खोली देत नाही, कारण कागद नाहीत. एक रिक्षावाला म्हणाला, "महिन्याचं भाडं मी देईन. पण डिपॉझिट आन ओळखीचा माणूस कुठून आणू?" रामबागेपासून नव्या कॉलन्यांपर्यंत आपल्यातल्या कित्येकांच्या खोल्या भाड्याने आहेत. हा प्रश्न त्याने आपल्यालाच विचारला आहे.

कोणी म्हणेल, यातले बरेच व्यसनी असतात, काही वेडसर असतात. असतात. पण आम्हाला भेटलेल्यांपैकी काहींनी सांगितले की दारू रस्त्यावर आल्यावर लागली, थंडीत आणि भीतीत झोप यावी म्हणून. मनोरुग्णांच्या बाबतीत तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांवर जबाबदारीच टाकली आहे, की रस्त्यावर भटकणाऱ्या अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन तपासणीसाठी पोचवावे. तिथे दंडुक्याचे काम नाही.

२९ जानेवारी २०२१

न विचारता केलेले काम कुठवर जाते, हे आपल्या शहराने पाहिले आहे. २९ जानेवारी २०२१ रोजी, कडाक्याच्या थंडीत, नगर निगमच्या गाडीतून काही वृद्ध निराधारांना शहराबाहेर, देवास रस्त्यावर क्षिप्रा गावाजवळ आणून उतरवले. गावकऱ्यांनी हरकत घेतली, चित्रीकरण केले, तेव्हा त्यांना पुन्हा गाडीत घातले. ते दृश्य देशभर पाहिले गेले. मुख्यमंत्र्यांनी उपायुक्तांना निलंबित केले. जिल्हाधिकाऱ्यांनी खजराना गणपतीपुढे जाऊन क्षमा मागितली.

या प्रकरणावर तेव्हा खूप बोलले गेले, ते बहुतेक माणुसकीबद्दल. मी एक साधा प्रश्न विचारतो. त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही गाडीत घालण्याआधी कोणी विचारले होते का, की बाबा, तुम्हाला कुठे जायचे आहे? हाच प्रश्न १९८१ मध्ये सालेमच्या मजुराला कोणी विचारला नव्हता. माणसाला उचलून दूर सोडले की प्रश्न सुटतो, ही समजूत चाळीस वर्षांनीही तशीच होती. २०१७ पासून आपले शहर स्वच्छतेत पहिले येत गेले, त्याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. म्हणूनच कचऱ्याची गाडी आणि माणसे नेणारी गाडी यांत फरक राहिला पाहिजे.

१ जानेवारी २०२५ पासून आपल्या जिल्ह्यात भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा निर्णय प्रशासनाने घेतला. त्याच्या बऱ्यावाईटात आज शिरत नाही. एवढेच म्हणतो, की भीक मागणारा आणि बेघर हे एक नव्हेत. आम्ही ज्यांच्याशी बोललो त्यांतले बहुतेक मजुरी करणारे होते. रस्त्यावर झोपलेला प्रत्येक माणूस भिकारी समजून त्याला उठवू नका.

नियम काय सांगतो

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात, मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, तोही बारमाही आणि चोवीस तास, असे आदेश दिले. २०१३ मध्ये केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात निवाऱ्याची योजना आली. त्यात दर लाखामागे शंभर माणसांची सोय आणि माणशी किमान पन्नास चौरस फूट जागा धरली. निवारा कुठे असावा हेही सांगितले: जिथे बेघर राहतात आणि काम करतात त्याच्या जवळ. २०११ मध्ये इंदूरची लोकसंख्या १९ लाखांवर होती. तेव्हाच्या हिशोबानेच सुमारे एकोणीस निवारे आणि एकोणीसशे माणसांची सोय हवी.

गंमत पाहा. कोर्टाने आणि सरकारने जे लिहिले तेच त्या रावेरच्या जोडप्याने न वाचता सांगितले. जागा कामाजवळ हवी, दार उघडे हवे, कुटुंब एकत्र हवे. नियम चांगला आहे. तो पाळताना त्या माणसाला विचारायचे राहून जाते आणि बसेरा बांधला जातो तो जिथे निगमची जमीन रिकामी असेल तिथे.

आपल्या पूर्वजांना हे कळत होते. २०२५ मध्ये आपण अहिल्यादेवींची त्रिशताब्दी साजरी केली. त्यांनी देशभर धर्मशाळा बांधल्या त्या कुठे? तीर्थाच्या ठिकाणी, यात्रेकरूच्या वाटेवर. गाडगेबाबांच्या नावे जी दशसूत्री सांगितली जाते तीत बेघरांना आसरा हे एक सूत्र आहे. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, ती टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांसाठी. दमलेला माणूस जिथे येऊन पोचतो तिथेच छप्पर, ही ती रीत.

आपण काय करायचे

आता कामाचे बोलू. माझ्या पाच सूचना आहेत.

पहिली. आपल्या भागातल्या प्रत्येक रैन बसेऱ्याला सभासदांनी रात्री अकरानंतर एकदा भेट द्यावी. दार उघडे आहे का, कुटुंबांची सोय आहे का, कुलपाची पेटी आहे का, एवढे तीन प्रश्न. उत्तरे आपल्या पत्रकात छापू आणि पार्षदांना देऊ.

दुसरी. मतदार यादी. निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे बेघरालाही फॉर्म ६ भरता येतो. तो जी जागा लिहितो तिथे तो खरोखर झोपतो की नाही, हे बीएलओने रात्री, एकाहून अधिक वेळा जाऊन पाहायचे. तशी खात्री झाली की पत्त्याचा कागद लागत नाही. हे बेघरांना ठाऊक नाही आणि पुष्कळ कर्मचाऱ्यांनाही नाही. आपल्यातले निवृत्त शिक्षक आणि बँकवाले फॉर्म भरून द्यायला बसले तर मोठे काम होईल. ज्याचे नाव यादीत नाही त्याचे गाऱ्हाणे पार्षद ऐकत नाहीत, हे राजकारण आपल्याला नवीन नाही.

तिसरी. जनगणनेत बेघरांच्या मोजणीच्या वेळी आपल्या भागात कोण कुठे झोपते ते प्रगणकाला दाखवायला आपले दोन-दोन सभासद बरोबर जावेत.

चौथी. ज्यांच्या भाड्याच्या खोल्या आहेत त्यांनी वर्षातून एक खोली तरी डिपॉझिटशिवाय, मंडळाच्या हमीवर द्यायचा विचार करावा. हमीसाठी मंडळाने छोटा निधी काढावा. त्या रिक्षावाल्याला भाडे माफ नको आहे, ओळखीचा माणूस हवा आहे.

पाचवी सूचना आपल्या घरची आहे. आपल्या या इमारतीच्या पुढच्या ओट्यावर रात्री चार-पाच जण झोपतात. ओट्याला लोखंडी जाळी बसवायचा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. तक्रारी खऱ्या आहेत. सकाळच्या काकड आरतीला येणाऱ्या बायकांना अडचण होते, घाण होते, वाचनालयाच्या मावशींना रोज झाडावे लागते. त्यांचे कष्ट मी नाकारत नाही. पण या ओट्यावर कोण झोपते, का झोपते, किती वाजता उठते, हे आपण विचारले आहे का? कदाचित पहाटे पाचला ओटा धुऊन द्यायला ते तयार होतील. कदाचित त्यांना एक नळ आणि एक पेटी पुरेल. कदाचित त्यांतल्या एकाला फक्त आधारची दुसरी प्रत काढून दिली की तो खोली बघेल. किंवा नाहीच जमणार, तेव्हा जाळीचा विचार करू.

माझी अध्यक्षांना विनंती आहे, की जाळीचा ठराव एक महिना पुढे ढकलावा आणि तोवर कार्यकारिणीच्या दोघांनी, त्यांत एक बाई असावी, रात्री दहाला त्या ओट्यावर जाऊन बसावे. चहा मी पाठवतो. ते काय म्हणतात ते लिहून पुढच्या बैठकीत वाचावे आणि मग मत घ्यावे.